फामागुस्ता कुठल्याच डब्यात नाही

सेंच्युरियन रणगाड्याची दोन प्लास्टिक किट सध्या माझ्याकडे आहेत. एक जपानच्या टामियाचं, मूळ साचा १९७०च्या दशकातला. दुसरं तैवानच्या एएफव्ही क्लबचं, त्यानंतर तीसेक वर्षांनी आलेलं. दोन्हींचं प्रमाण १:३५. तोफेची नळी सोडली तर खरा सेंच्युरियन साडेसात मीटरच्या आसपास लांब आहे, म्हणजे मॉडेल साधारण साडेएकवीस सेंटिमीटरचं होतं. तुमच्या हातातल्या फोनपेक्षा थोडंसं लांब. रणगाडा तोच, प्रमाणही तेच. तरी दोन्ही जोडून शेजारी ठेवली, तर हे दोन वेगळे रणगाडे आहेत असं लहान पोरही सांगेल.

यातलं चांगलं कुठलं, हा प्रश्न या छंदातल्या कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं आहे: एएफव्ही क्लब. भाग जास्त, तपशील जास्त, मापं अचूक. टामियाचं जुनं झालं, नवशिक्यांसाठी ठीक. उत्तर चुकीचं नाही, पण त्यात एक प्रश्न कुणी विचारलेलाच नाही. अचूक म्हणजे कशाशी अचूक?

ज्यांनी कधी किट जोडलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डबा उघडला की आत प्लास्टिकच्या चौकटी निघतात, त्यांना स्प्रू म्हणतात. चाकं, झाकणं, हूक, दिवे असे सगळे भाग त्या चौकटींना चिकटलेले असतात. ते एकेक करून कापायचे, टोकं घासायची, चिकटवायचं, रंगवायचं. शेवटी पाण्यात भिजवून लावायची चिन्हं आणि नंबर, म्हणजे डिकल. बाहेरून बघणाऱ्याला हे खेळणं वाटतं. खरं तर ते एका यंत्राचं वाचन असतं. त्या यंत्राबद्दल काय सांगायचं आणि काय गाळायचं, हे कंपनीतल्या कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं. त्यामुळे दोन किटची तुलना मला दोन अनुवादांच्या तुलनेसारखी वाटते. मूळ मजकूर समोर नसेल तर ती करताच येत नाही.

आपल्याकडे मूळ मजकूर आहे, आणि तो लांबही नाही. उजनीच्या पाण्याच्या करमाळ्याकडच्या काठावर रणगाडा म्हटलं की नगर. (नाव आता अहिल्यानगर झालंय, पण एसटीच्या रांगेत अजून नगरच ऐकू येतं.) टेंभुर्णीहून करमाळ्यावरून जाणारा रस्ता थेट तिथे पोचतो. पुण्याची माणसं रोहित पक्षी बघायला भिगवणला येतात, आणि आमच्याकडच्या शाळांच्या सहली रणगाडे बघायला नगरला जातात. तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ साली सुरू झालं. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रोल्स-रॉईस चिलखती गाडीपासून पाकिस्तानकडून जिंकून आणलेल्या पॅटनपर्यंत बरंच काही तिथे उघड्यावर उभं आहे. सेंच्युरियनही आहे.

पण माझ्या डोक्यात आहे तो सेंच्युरियन त्या संग्रहालयातला नाही. तो नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे, आणि त्याचं नाव फामागुस्ता. सायप्रसमधल्या एका बंदराचं नाव. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा हा रणगाडा. जन्म पुण्याचा, १९५०चा. जून १९७१मध्ये ते १७ पूना हॉर्समध्ये अधिकारी झाले आणि त्याच वर्षी १६ डिसेंबरला शकरगढ भागात, बसंतर नदीच्या लढाईत, २१व्या वर्षी मारले गेले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. श्रीराम राघवनच्या ‘इक्कीस’मुळे हे नाव आता माझ्या वयाच्या बहुतेकांना माहीत आहे. त्याआधी सहा वर्षं, १९६५च्या सप्टेंबरमध्ये, याच रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर सियालकोटच्या आघाडीवर सेंच्युरियनमधूनच लढताना गेले. त्यांनाही परमवीर चक्र. १८१७मध्ये पुण्यात उभी राहिलेली रेजिमेंट, दोन युद्धं, दोन परमवीर, रणगाडा एकाच जातीचा.

म्हणजे आपल्याकडचा मॉडेल करणारा जेव्हा सेंच्युरियनचं किट मागवतो, तेव्हा त्याला ‘एक सेंच्युरियन’ नको असतो. त्याला हा हवा असतो. तुलना करताना ही गोष्ट बाजूला ठेवणं मला जमत नाही.

टामियापासून सुरुवात करू. १:३५ हे प्रमाण रणगाड्यांच्या मॉडेलमध्ये जगभर प्रमाण मानलं जातं, पण त्यामागे कुठलाही गणिती हिशोब नाही. टामियाचे शुन्साकू टामिया यांनी आपल्या आठवणींत ही हकिकत सांगितली आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जर्मन पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. आत बॅटऱ्या आणि मोटर मावली पाहिजे, म्हणून त्याचा आकार तेवढा ठेवला. मॉडेल खूप खपलं, त्याच मापात पुढचे रणगाडे काढायचं ठरलं, तेव्हा मोजून पाहिलं तर ते मूळ रणगाड्याच्या साधारण पस्तिसाव्या हिश्शाचं भरलं. मग सगळं जग १:३५वर गेलं. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. कुणीतरी घाईत एक आकडा टाकतो, आणि साठ वर्षांनी तो स्टँडर्ड झालेला असतो.

सेंच्युरियनचं टामिया किट त्याच घराण्यातलं. हा रणगाडा जमिनीवर पळावा, गादीवरून उशीवर चढावा, ही अपेक्षा त्याच्या रचनेत दिसते. तळाच्या पत्र्यात मोटरच्या काळातल्या खाचा आहेत. ट्रॅक रबरी पट्ट्याचे. बाजूंना चाकांवर उतरणारे चिलखती पडदे लावले की त्यामागे काय आहे, याची फारशी फिकीर केलेली नाही. खऱ्या सेंच्युरियनचा टरेट बराचसा ओतीव पोलादाचा आहे, त्याचा पृष्ठभाग हाताला खरखरीत लागतो. टामियाचा टरेट स्टीलच्या डब्यासारखा गुळगुळीत आहे. हे सुधारता येतं. पातळ केलेली पुट्टी लावायची, ती वाळायच्या आत जुन्या टूथब्रशने हलकेच ठोकायचं. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि या किटवर घालवलेल्या वेळातला सगळ्यात मजेचा अर्धा तास तोच असतो.

पण या किटची एक बाजू कुणी फारशी लिहीत नाही. ते जोडताना तुम्हाला रणगाडा कळत जातो. भाग कमी, त्यामुळे प्रत्येक भाग काय काम करतो ते दिसतं. ही चाकांची जोडी, तिच्यावर हा हल, त्यावर हा टरेट, ही तोफ. रविवारी सकाळी सुरू केलं तर संध्याकाळपर्यंत रणगाडा उभा राहतो, दिवे गेले तरी खिडकीपाशी बसून काम चालू राहतं. नेलकटर आणि सँडपेपर एवढ्या हत्यारांवर भागतं.

एएफव्ही क्लबचं किट हे दुसऱ्या टोकाचं. त्यात सगळ्यात देखणी गोष्ट आहे सस्पेन्शन. सेंच्युरियनला प्रत्येक बाजूला सहा चाकं, दोन-दोनच्या तीन जोड्या, आणि प्रत्येक जोडीला आडव्या स्प्रिंगांचा एक गट. हॉर्स्टमन पद्धतीचं हे सस्पेन्शन सगळंच्या सगळं हलच्या बाहेर बोल्टने बसवलेलं असतं. सुरुंगावर चाक गेलं तर तेवढा गट काढून दुसरा लावता यायचा. एएफव्ही क्लबने इथे खऱ्या धातूच्या बारीक स्प्रिंगा दिल्या आहेत. मॉडेल बोटाने दाबलं की चाकं खरंच वर जातात. शिवाय हवेच्या जाळ्यांसाठी कोरीव धातूचे पत्रे, नखापेक्षा लहान हूक, अवजारांचे पट्टे. टरेटवर ओतीव पोलादाची खरखर साच्यातच आहे.

याची किंमत पैशात आहेच, पण जास्त आहे ती वेळात. एक संध्याकाळ फक्त चाकांची. दुसरी संध्याकाळ स्प्रिंगांची, त्यातली एखादी चिमट्यातून उडून फरशीवर गेली की मोबाइलचा टॉर्च लावून अर्धा तास लोळण. आणि हे सगळं झाल्यावर सूचनापत्रिका सांगते की आता चिलखती पडदे बसवा. सगळं झाकलं जातं. व्हिएतनामातल्या ऑस्ट्रेलियन तुकड्यांनी हे पडदे काढून टाकले होते, कारण त्यांच्यामागे चिखल दाटून बसायचा. मॉडेलवाल्यांना तो चिखल उपकारकच ठरला, कारण त्याच्या निमित्ताने पडदे न लावता स्प्रिंगा उघड्या ठेवता येतात.

इथवर सगळी गुणवर्णनं. आता मूळ मजकुराकडे.

सेंच्युरियन हा एक रणगाडा नव्हता. १९४५पासून पुढे पंधरा-वीस वर्षं तो बदलत गेला, आणि प्रत्येक बदलाला मार्क क्रमांक मिळाला. व्हर्जन म्हणा. टामियाचं किट मार्क ३चं, कोरियातल्या युद्धाच्या काळातलं. त्याची २० पाउंडर तोफ साधी, सरळ नळीची. एएफव्ही क्लबचं माझ्याकडचं किट मार्क ५/१चं, व्हिएतनामात गेलेल्या ऑस्ट्रेलियन रणगाड्याचं. समोरचं चिलखत जाड केलेलं, मागे इंधनाची जादा टाकी लटकवलेली, अंतर मोजण्यासाठी तोफेजवळ वेगळी मशिनगन, रात्रीसाठी इन्फ्रारेड दिवा. आणि भारताच्या सेंच्युरियनमधला प्रमुख प्रकार मार्क ७.

फरक किती? बाहेरच्या माणसाला शून्य. पण प्रत्येक फरकामागे कुणीतरी भोगलेला त्रास आहे, म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो. तोफेच्या नळीच्या मध्यावर एक फुगीर नळकांडं दिसतं, ते धूर बाहेर ओढण्यासाठी. गोळा सुटल्यावर नळीत राहिलेला वायू पुढून निघून गेला नाही, तर ब्रीच उघडताच तो टरेटमध्ये शिरतो, आणि टरेटमध्ये तीन माणसं असतात. सुरुवातीच्या नळीवर हे नव्हतं, नंतरच्या नळीवर आलं. टामियाच्या किटमध्ये ते नाही, एएफव्ही क्लबमध्ये आहे. दुसरा फरक इंधनाचा. सेंच्युरियनचं रोल्स-रॉईस मीटिऑर इंजिन मूळचं लढाऊ विमानाच्या मर्लिन इंजिनाच्या घराण्यातलं, पेट्रोलवर चालणारं आणि खादाड. सुरुवातीच्या मार्कांचा पल्ला एका टाकीत कसाबसा शंभर किलोमीटर. म्हणजे टेंभुर्णीहून निघालेला रणगाडा नगरला पोचायच्या आधीच थांबला असता. ब्रिटिशांनी त्याच्यामागे इंधनाची ट्रेलर-टाकी जोडून पाहिली, ऑस्ट्रेलियनांनी मागे टाकी लटकवली, आणि मार्क ७मध्ये हलच्या आतच जादा टाकी बसवली. त्यामुळे रणगाड्याची मागची बाजू आणि इंजिनावरची झाकणं बदलली.

आता गंमत बघा. एएफव्ही क्लबच्या किटमध्ये मागे लटकणारी टाकी सुंदर केली आहे. वेल्डिंगच्या रेषांसकट. फामागुस्ता करायचा असेल तर ती टाकी लावायचीच नाही. इन्फ्रारेड दिवा लावायचा नाही. अंतर मोजणारी मशिनगन बुजवायची. किट जितकं तपशीलवार, तितकं ते दुसऱ्याच कुणाच्या रणगाड्याशी घट्ट बांधलेलं. टामियाचं किट मोघम आहे, त्यामुळे त्यातून काही काढावं लागत नाही, घालावं मात्र बरंच लागतं.

हे मला नवीन नाही, कारण आमच्याकडे असंच एक जोडकाम घरोघरी आहे. उजनी धरण १९८०मध्ये पूर्ण झालं आणि भीमेकाठची गावं पाण्याखाली गेली. आमचं जुनं गाव त्यातलं एक. त्या गावाच्या दोन प्रती आमच्या घरात आहेत. एक भूसंपादनाचा कागद: गट नंबर, क्षेत्र, विहीर एक, आंबे इतके, बाभळी इतक्या, घराचे खण इतके. मापात एका गुंठ्याची चूक नसेल. दुसरी प्रत आज्जी सांगायची ती. तिच्या गावात सगळी अंतरं चुकीची होती, नदी घरापासून कधी दहा पावलांवर, कधी फर्लांगभर. मी एकदा कागद वाचून दाखवला, तर ऐकून घेऊन म्हणाली, “ह्यात आड कुठाय?” आड सार्वजनिक होता. कुणाच्याच नावावर नव्हता, म्हणून आमच्या कागदावर तो यायचं कारण नव्हतं. कागद खोटा नव्हता. तो भरपाई देण्यासाठी केलेला होता, आणि त्या कामाला अचूक होता.

एएफव्ही क्लबचं किट तसं आहे. ज्यासाठी केलं त्याला अचूक. त्यामुळे परीक्षणांमध्ये भागांची संख्या मोजून जो गुणांचा तक्ता मांडला जातो, तो मला पटत नाही. पाचशे भाग बरोबर असूनही रणगाडा दुसऱ्या सैन्याचा असू शकतो. टामियाला मी उलट बाजूने तपासतो. त्याने अचूकतेचा दावा आजच्या अर्थाने केलाच नव्हता. त्याला चालणारा रणगाडा द्यायचा होता. त्याचा टरेट गुळगुळीत आहे हा दोष खराच, पण तो साच्याच्या काळाचा दोष आहे. नवीन किटने दुसऱ्या सैन्याचा रणगाडा उत्तम दिला, हा दोषच नाही. दोष आमच्या मागणीत आहे: सेंच्युरियन म्हणून मागवायचं, आणि डबा उघडल्यावर फामागुस्ता शोधायचा.

मग निवड काय? पहिल्यांदाच हात घालत असाल तर टामिया घ्या, टूथब्रश घ्या, आणि मार्क ३ म्हणूनच जोडा. त्याला भारतीय करायच्या भानगडीत पडू नका, तळ, नळी, मागची बाजू असं सगळंच बदलावं लागेल आणि कंटाळून डबा कपाटावर जाईल. फामागुस्ताच करायचा असेल तर एएफव्ही क्लब, माझ्या मते दुसरा मार्ग नाही. नळी त्यात बरोबर मिळते, आणि सेंच्युरियनची सगळी ऐट त्याच्या चाकांत आणि बसण्यात आहे. रणगाडा जड दिसला पाहिजे. पन्नास टनांचं वजन त्या स्प्रिंगांवर बसलंय, हे दिसलं पाहिजे. टामियाचा सेंच्युरियन जमिनीवर ठेवलेला वाटतो, एएफव्ही क्लबचा जमिनीवर दाबलेला. काढून टाकायचे भाग काढणं हे घालण्यापेक्षा सोपं, हा व्यवहारी मुद्दा वेगळाच.

रंगाबद्दल एक सूचना, खास आमच्याकडच्या मंडळींना. मे महिन्यात पाणी उतरलं की गाळपेराच्या जमिनी उघड्या पडतात, आणि तिथला वाळलेला गाळ वस्त्रगाळ केला तर मॉडेलवर लावायला विकतच्या पावडरीपेक्षा सरस निघतो. पीठासारखा बारीक, हलका गोंद मारला की घट्ट बसतो. मोह होतो. पण हा गाळ काळ्या दगडाच्या मुलखातला आहे, वाळल्यावर राखेसारखा करडा दिसतो. बसंतर ही रावीच्या खोऱ्यातली नदी, तिकडची माती फिकी, पिवळसर, वाळूची. उजनीचा गाळ लावलेला फामागुस्ता सुंदर दिसेल, पण तो शकरगढला गेलेला नसेल. डोंगर-दगडाच्या मुलखात सरावाला आलेला सेंच्युरियन करायचा असेल तर खुशाल वापरा.

डिकलचा प्रश्न सोपा आहे. माझ्याकडच्या दोन्ही डब्यांत फामागुस्ता हे नाव नाही, एकात ब्रिटिश खुणा, दुसऱ्यात ऑस्ट्रेलियन. नाव स्वतः छापून घ्यायचं किंवा बारीक ब्रशने लिहायचं. पुण्यात डिकल कागदावर छापून देणारे सापडतात. मी ब्रशने लिहिलं, कारण खऱ्या रणगाड्यावरही कुणीतरी ते ब्रशनेच लिहिलं असणार.

एक गोष्ट मात्र दोन्ही किट देत नाहीत, आणि ती मला सगळ्यात जास्त खटकते. झाकण उघडं ठेवलं तर आत पूर्ण लढाईकक्ष नाही. खेत्रपालांची गोष्ट घडली ती आत. रणगाड्याला गोळा लागून आग लागलेली, वायरलेसवर बाहेर पडण्याचा हुकूम आलेला, आणि तोफ अजून चालतेय म्हणून त्यांनी रणगाडा सोडला नाही. वायरलेस, तोफेची ब्रीच, गोळे भरणाऱ्याची जागा, कमांडरच्या पायाखालची फूटभर पट्टी: त्या निर्णयाची सगळी जागा एवढीच. बाहेरून आपण हूक, बोल्ट आणि वेल्डिंगच्या रेषा मोजत बसतो. अलीकडे काही कंपन्या दुसऱ्या रणगाड्यांची आतल्या सगळ्या यंत्रणेसह किट काढतात, युक्रेनच्या मिनीआर्टचा टी-५५ त्यातला. हजारभर भाग, आणि टरेट चिकटवला की त्यातलं बहुतेक कायमचं दिसेनासं होतं. तरी सेंच्युरियनचं तसं किट आलं तर मी ते घेईन, आणि टरेट चिकटवणार नाही.

सध्या माझा अडला आहे तो मागच्या बाजूला. मार्क ७ची मागची बाजू प्लास्टिकच्या पत्र्यातून नवीन कापावी लागणार, त्यासाठी मापं हवीत, आणि मापांसाठी फोटो. रणगाड्यांचे फोटो पुष्कळ सापडतात, पण जवळजवळ सगळे समोरून. तोफेपाशी उभं राहून, नळीवर हात ठेवून. इंजिनाच्या झाकणांचा फोटो काढायला कुणी मागे जात नाही. पुढच्या सहलीला नगरच्या संग्रहालयात जाणार असाल, तर तिथल्या सेंच्युरियनच्या मागे जाऊन या. तो कुठल्या मार्कचा आहे ते पाटीवर वाचा, आणि जमलं तर एखादी पट्टी शेजारी धरून फोटो काढा.